दोन खोल्यांचं घर बघायला जाताना

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. शिकागोहून निघून तीन दिवसांत गलिना, टॅम्पिको, डिक्सन, वेस्ट ब्रँच आणि स्प्रिंगफील्ड. म्हणजे ग्रँट, रेगन, हूवर आणि लिंकन या चार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची गावं. एवढं सगळं करशील तर अर्धा वेळ गाडी लावण्यात आणि काढण्यातच जाईल. गलिना या खेपेला सोड, टॅम्पिकोही. डिक्सन वाटेतच आहे. रेगन तिथे लहानाचा मोठा झाला. रॉक नदीवर जीवरक्षक असताना त्याने 77 जणांना बुडताना वाचवलं असं सांगतात. नदीकाठी डबा खा आणि पुढे निघ.

वाचलेला वेळ आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँचला, हूवरच्या जन्मगावी दे. हूवरला लोक टाळतात, कारण त्याच्या नावाला 1930 च्या दशकातली महामंदी चिकटली आहे. मी तर म्हणेन, त्याच्यासाठीच आयोवात जा.

1874 साली तो जन्मला ते घर अजून उभं आहे. 14 बाय 20 फूट, दोन खोल्या. बाप लोहार. पोरगा दहाचा व्हायच्या आत आई-बाप दोघंही गेले आणि अकराव्या वर्षी त्याला आगगाडीत बसवून दूर ओरेगॉनला मामाकडे धाडलं. त्या खोलीत नुसती उभी राहा. माहितीचा फलक नंतर वाच.

पहिल्या महायुद्धात बेल्जियमची उपासमार होत होती, तेव्हा धान्य पोचवण्याची यंत्रणा याच माणसाने उभी केली. पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर तिथल्या बायकांनी भरतकाम करून ती परत पाठवली. ही पोती मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठी वाटतात. आणि तोच माणूस राष्ट्राध्यक्ष असताना आयोवात मक्याचा भाव इतका पडला, की कोळशापेक्षा कणसं स्वस्त म्हणून शेतकऱ्यांनी ती शेगडीत जाळली. 1932 च्या निवडणुकीत जन्मगावच्या आयोवानेही त्याला नाकारलं. परक्या देशाला जेवू घालणाऱ्या माणसाला घरचा शेतकरी का सावरता आला नाही, हा प्रश्न डोक्यात ठेवून तिथे फिर.

म्हणूनच सांगतो, मधला रस्ता झोपेत घालवू नकोस. तू वाशिमची, सोयाबीन तुला काचेतूनही ओळखू येईल. थोडा वेळ हायवे सोडून दुपदरी रस्त्याने जा. ऑक्टोबरात कापणी चालू असते, रस्त्यावर अख्खी लेन अडवणारे हार्वेस्टर येतात. हॉर्न वाजवू नकोस, मागे राहा. जागा मिळाली की ते स्वतःच बाजूला घेतात. एवढ्या मोठ्या शिवारात माणूस क्वचितच दिसेल. आपल्याकडे खुरपणीला बायकांची रांग असते, तसं इथे काही नाही. घरी बाबांना फोन करशील तेव्हा हे जरूर सांग, त्यांना त्यातलं जास्त कळेल.

स्प्रिंगफील्डला लिंकनचं घर बघायला पैसे पडत नाहीत, पण आधी माहिती केंद्रातून तिकीट घ्यावं लागतं, सकाळीच जा. आयुष्यात त्याच्या मालकीचं झालेलं हे एकच घर. 1844 मध्ये घेतलं. एक मुलगा इथेच वारला. 1861 च्या फेब्रुवारीत गावाचा निरोप घेऊन तो वॉशिंग्टनला गेला, तो परतलाच नाही. 1865 मध्ये आलं ते त्याचं शव. जिन्याच्या कठड्याला हात लाव. त्याचाही हात तिथे फिरला आहे.

वेस्ट ब्रँचला उन्हं कलताना टेकडीवर जा. हूवर आणि लू या नवरा-बायकोच्या दोन साध्या संगमरवरी शिळा आहेत, नाव आणि साल एवढंच कोरलेलं. तिथून खाली सरळ ते घर दिसतं. मधली नजर कोणी अडवू नये अशीच जागा निवडली आहे. बस जरा वेळ.

पण अंधार पडायच्या आत हायवेला लाग. त्या वेळेला हरणं आडवी येतात. मुक्कामी पोचलीस की कळव.

तुझा,
काका