नवीन कोरल आठवडाभर मिटूनच आहेत, कोणता डोस देऊ?

कोणताच नाही. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तुम्ही लिहिलंय की पुण्यात खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी कुरियरने टोडस्टूल लेदर (छत्रीसारखं मऊ कोरल) आणि झोआ (बटणांसारख्या पुंजक्यांचं कोरल) मागवले, लेदर मान टाकून बसलंय, अंगावर मेणचट थर आलाय आणि दुकानदार म्हणतो आयोडीन नि अमिनो टाका, लाइट वाढवा, नाही उघडलं तर फेकून द्या. ते "फेकून द्या" वाचलं आणि माझी सटकली.

आमचे साडू ठाण्याला असतात, त्यांचा टँक माझ्या दुपटीहून मोठा, आणि हे ते प्रत्येक कार्यात कोणी न विचारता सांगतात. त्यांचंही लेदर असंच मिटलं होतं. मग सुरू झाले प्रयोग. आज डावीकडच्या दगडावर, उद्या थेट लाइटखाली, परवा डिप (किडे मारायच्या औषधी पाण्यात बुडवणं), त्याच्या दुसऱ्या दिवशी परत डिप "कारण काल नीट झालं नसेल", वर रोज आयोडीन, आणि टेस्ट किट म्हणाल तर पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही. शेवटी पुतणीच्या बारशाला पंगतीत जाहीर केलं की मेलं ते, उद्या कचऱ्यात. मी म्हटलं मला द्या. सगळे हसले, बायको जास्तच. वास घेतला तर सडका नव्हता, मेलेल्या कोरलचा वास असा येतो की विचारावं लागत नाही. डब्यात घालून लोकलने डोंबिवलीला आणलं.

आणि केलं काय? खाली वाळूजवळ ठेवलं, लाइट निम्म्यावर आणला, टँकमधला पाणी गाळणारा कार्बन बदलला कारण लेदर चिडलं की पाण्यात अशी रसायनं सोडतं की शेजारचे कोरलही मिटतात, आणि पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, असं वळवलं की धार अंगावर न बसता पाणी फिरून येईल. बस. हात लावला नाही. लेदर सापासारखी कात टाकतं हो, जागा बदलली की हमखास, त्यात कधी काही दिवस जातात कधी दोन-तीन आठवडे, तो थर फ्लोने आपोआप सुटतो, नाहीच सुटला तर ड्रॉपरने पाण्याचा हलका फवारा मारायचा, नखाने सोलायचा नाही. आमच्याकडे तो पापुद्रे पापुद्रे निघाला आणि खालून बारीक पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) वर आले. गणपतीला साडू आले, टँकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बघ, माझ्या आयोडीनचा गुण." आता बोला.

बरं, तुमचं. डोस द्यायच्या आधी मोजा. तापमान 25-26, सॅलिनिटी (खारटपणा) 35 पीपीटी म्हणजे घनतेच्या मापात 1.025 च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद) 8-9 dKH, पण आकड्यापेक्षा तो रोज तोच राहणं महत्त्वाचं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या सोल्युशनवर कॅलिब्रेट करा, आरओच्या पाण्यावर झीरो करून (साडू!) मिठाच्या पाण्यात तो चुकू शकतो. एप्रिल-मे मध्ये चिलर नसेल तर निदान पाण्यावर पंखा लावा आणि उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओच भरा, मीठ उडत नाही. समुद्रात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी कोरल पोटातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडतात, 1998 ला लक्षद्वीपमध्ये तेच झालं, आणि आपण काचेच्या पेटीत 31 करून वर लाइट वाढवतो. नायट्रेट पूर्ण झीरो असेल तर त्याचाही अभिमान नको, सॉफ्ट कोरल उपाशी राहतात.

नवीन कोरलच्या पिशवीत टँकचं पाणी थेंब थेंब सोडत दोन दोन तास ड्रिप करणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुरियरच्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. तापमान जुळवा, डिप करा, टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

झोआ मिटले असतील तर रात्री टॉर्च घेऊन बघा. झोआ खाणारी न्यूडिब्रँक (समुद्री गोगलगाय) त्यांच्याच रंगाची होते, दिवसा डोळ्यासमोर असली तरी दिसत नाही. डिपने ती मरते पण अंडी मरत नाहीत, म्हणून इथे मात्र काही दिवसांनी परत डिप करावं लागतं. हो, वर मी दुसऱ्या डिपवरून साडूंना बोललो, पण त्यांच्याकडे किडा नव्हता.

दोन गोष्टी राहिल्या, त्या आधी सांगायला हव्या होत्या. झोआ हाताळताना ग्लोव्हज आणि चष्मा, आणि झोआ लागलेला दगड कधीही उकळायचा किंवा घासायचा नाही, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, त्याच्या वाफेने अख्खं घर हॉस्पिटलात गेल्याच्या केसेस आहेत. आणि दुकानदार हॅमर, टॉर्च वगैरे दगडी कोरल देतो म्हणाला तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच शेड्युल 1 मध्ये आहेत.

शिवाय "थांबा" म्हणजे वाट्टेल तेवढं थांबा असं नाही. एखादा भाग वितळतोय, तपकिरी चिकट झालाय, वास येतोय तर तेवढा धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून टाका.

फोटो परत टाका, पांढऱ्या लाइटखाली काढलेला. निळ्यात सगळंच चमकतं, ब्लीच झालंय की नुसतं मिटलंय ते कळत नाही.