आजोबांच्या पत्रांची नक्कल करताना

फोंडा, गोवा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आजोबांनी १९७१ च्या युद्धकाळात घरी लिहिलेल्या पत्रांची छायाचित्रे मिळाली. पत्रे पाकिटांतून काढून तू त्यांचा वेगळा गठ्ठा केलास, हे मात्र मला रुचले नाही. पलटण कोठे आहे हे टपालातून उघड होऊ नये म्हणून जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते, नुसते '५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, असते, तेव्हा पाकिटावरचा शिक्का हाच पुष्कळदा एकमेव दाखला उरतो. आजोबांच्या ट्रंकेत घरून गेलेली जी दोन पाकिटे सापडली, त्यांवर निर्वासितांच्या मदतीसाठीचे पाच पैशांचे जादा तिकीट आहे का, ते पाहा. तो अधिभार १५ नोव्हेंबर १९७१ रोजी लागू झाला, आणि युद्ध ३ ते १६ डिसेंबर असे चालले. या तारखा शेजारी ठेवूनच बिनतारखेची पत्रे लाव.

घरची बाकीची पत्रे गेली, तरी त्यांतला मजकूर सगळाच गेलेला नाही. 'मळणी उरकली हे वाचून बरे वाटले' असे आजोबा लिहितात, तेव्हा घरून काय कळवले होते ते आपोआप समजते. अशा जागांची पेन्सिलीने वेगळी यादी कर.

आजोबा त्यांच्या आईशी कोंकणीत बोलत आणि पत्र मराठीत लिहीत; आपल्याकडे अनेक हिंदू घरांत हीच रीत होती. त्या तुझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती आणि शेजारचे मास्तर पत्र मोठ्याने वाचून दाखवीत, हे तूच कळवलेस. म्हणजे आपला शब्द चार घरांच्या कानी पडणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. म्हणून 'इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी' या ओळीवरून त्यांच्या निर्भयतेचा जो परिच्छेद तू प्रस्तावनेत रचला आहेस, तो काढून टाक. त्याऐवजी 'चवथीला माटोळी कोणी बांधली?' या प्रश्नापाशी थांब. गणपतीच्या वर फळाफुलांची ती माटोळी बांधण्याचे काम दरवर्षी त्यांचे असे.

शुद्धलेखनाला हात लावू नकोस. मी तरुणपणी एका जवानाची पत्रे उतरवताना सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. पुढे त्यांतली कोणती त्याने स्वतः लिहिली आणि कोणती सोबत्याकडून लिहवून घेतली, हे मलाच सांगता येईना, आणि तोवर मूळ कागद वाळवीने खाल्ले होते.

मिरगाआधी एकदा ये. येताना छायाचित्रे नकोत, पाकिटेच आण. आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, आपल्या हवेत कागदाला घाम फुटतो.