फिजेट, ट्विच, डार्ट, स्करी, स्क्वर्म... सगळ्यांचा अर्थ ‘झटकन हलणे’च असेल तर फरक कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की शब्दकोशात या सगळ्यांपुढं ‘झटक्याने हलणे’ नाहीतर ‘चपळाईने जाणे’ एवढंच सापडतं आणि परीक्षेत चारही पर्याय बरोबर वाटतात. मी सांगलीत विश्रामबागेत शिकवणी घेते. हा घोळ दरवर्षी नव्या मुलांकडून ऐकते, त्यामुळे तुमची चिडचिड कळतेय.

अडचण अशी की तुम्ही मराठीत याला क्रियापद शोधताय, आणि आपल्याकडं हा अर्थ बऱ्याचदा क्रियापदात नसतोच. पाल सुळकन गेली, बेडूक टुणकन गेला, चिमणी भुर्रकन गेली. तिन्हीकडं ‘जाणे’च आहे, सगळी गंमत त्या ‘कन’वाल्या शब्दात. इंग्रजी ‘गेली’ आणि ‘सुळकन’ दोन्ही एकाच शब्दात कोंबतं: द लिझर्ड डार्टेड. माझ्या एका विद्यार्थ्यानं पेपरात ‘द लिझर्ड वेंट सुळकन’ असं लिहिलं होतं. मार्क कापले, पण खरं तर त्याला निम्मं कळलेलं होतं.

म्हणून ‘हलणे’ विसरा. कोण हललं, जागा सोडली का, आणि मुद्दाम हललं की आपोआप, एवढं बघा.

जागेवरच बसून चुळबुळ चालली असेल तर फिजेट. भाषण लांबलं की पोरं खुर्चीत करतात ते. पुढं ‘विथ’ आलं की मात्र चुळबुळ नाही, चाळा: ‘फिजेटिंग विथ हिज पेन’ म्हणजे पेनाशी चाळा. स्क्वर्ममध्ये अंग वळवळतं आणि त्यातून सुटका हवी असते. कडेवरचं मूल खाली उतरायला धडपडतं ते स्क्वर्म. उधारीचा विषय निघाल्यावर माणूस अवघडतो तेही स्क्वर्मच, तिथं अंग हललं नाही तरी चालतं.

ट्विच आपोआप होतं आणि बारीक असतं. डोळा लवतो ते ट्विच (उजवा की डावा, शुभ की अशुभ, ते इंग्रजीला विचारू नका). म्हशीच्या पाठीवर माशी बसली की ती तेवढंच कातडं थरथरवते, तेही ट्विच. पालीची तुटलेली शेपूट आठवा. आधी जोरात वळवळते, ते रिगल. मग दम संपत आला की मधूनच एक बारीक झटका देते, ते ट्विच. रिगलच्या स्पेलिंगमध्ये पुढं एक मुका डब्ल्यू आहे. राइद (वेदनेनं तळमळणे), रिंग (पिळणे), रेंच (पिळून हिसकणे), रिस्ट (मनगट) या सगळ्यांत तो मुका डब्ल्यू आणि त्यापुढं आर आहे आणि सगळ्यांत पीळ किंवा वळण आहे. ही जोडी दिसली की ‘पिळवटणे’ आठवायचं, माझ्या मुलांना याचा फार उपयोग होतो.

जागा सोडली की वेगळी मंडळी. डार्ट मुळात फेकायचा छोटा भाला आणि बोल्ट मुळात धनुष्यातून सुटणारा आखूड बाण. म्हणून डार्टमध्ये सरळ रेष आहे: हरिपूरच्या घाटावर खंड्या पाण्यावर झेपावतो तशी. नजरही डार्ट होते, पण ती इकडून तिकडं, म्हणजे आपलं भिरभिरणं. बोल्टला मराठीत नेमका शब्द आहे आणि शर्यतीच्या गावातल्या कुणालाही तो माहीत असतो: उधळणे. बैल उधळला, द बुल बोल्टेड. फ्लिटमध्ये रेष नाही, या फुलावरून त्या फुलावर. फ्लटरमध्ये नुसती फडफड, जागा बदललीच पाहिजे असं नाही. फ्लाय, फ्लॅप, फ्लटर आणि आपलं फडफड, फरफर, हे जवळजवळ ठेवून बघा, कानालाच कळेल.

स्करी म्हणजे तुरुतुरु. छोटा जीव, छोटी पावलं, बहुतेकदा घाबरलेला. उंदीर, झुरळ, मुंग्या. हा शब्द ‘हरी-स्करी’ या जोडशब्दातून सुटा झालाय, म्हणजे आपल्या ‘लगबग’सारखीच यमकाची जोडी इंग्रजीतही होती. स्कॅम्परमध्ये भीती नाहीच असं नाही, पण मजा जास्त: कुत्र्याची पिल्लं, सुट्टी झालेली पोरं.

जर्क, जोल्ट, लर्च या तिघांसाठी वाईहून पाचगणीला एसटीनं जा. ड्रायव्हरनं क्लच सोडला की मान मागं जाते, तो जर्क, हिसका. खड्ड्यात चाक गेलं की बूड सीटवरून उडतं, तो जोल्ट, गचका. पसरणी घाटाच्या वळणावर सगळी गाडी एका अंगाला झुकते आणि शेजारचे काका तुमच्यावर येतात, तो लर्च. एवढ्या प्रवासात तिन्ही पाठ होतात.

एक व्याकरणाची गोष्ट परीक्षेत हमखास फसवते. ‘आयलिड ट्विच्ड’ म्हणजे बहुधा एकदा लवली. ‘वॉज ट्विचिंग’ म्हणजे एकच लवणं हळूहळू चालू होतं असं नाही, पुन्हा पुन्हा लवत होती.

आता तुमची अडलेली रिकामी जागा: सुई टोचली तरी पेशंट ‘डिड नॉट...’. पर्याय फिजेट, फ्लिंच, स्करी, फ्लिट. उत्तर फ्लिंच. फ्लिंच म्हणजे मार येतोय असं वाटून अंग चोरणे, आणि तो शब्द नकारात फार वापरतात. ‘विदाऊट फ्लिंचिंग’चं मराठी करायचं झालं तर मी ‘पापणीही न लवू देता’ असं करेन.