लेह ते पोर्ट ब्लेअर : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : सुटीत लेह पाहून तेथूनच पोर्ट ब्लेअरला जाण्याचा विचार आहे. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर किती आणि प्रवासास किती वेळ लागेल?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजल्यास लेह आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) यांतील किमान अंतर सुमारे २,९४० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेग आणि चढ-उतारासाठी अर्धा तास धरला, तर सव्वाचार तास पुरेसे आहेत. मात्र ही रेषा पश्चिम तिबेट आणि नेपाळवरून जाते. प्रत्यक्षात दिल्लीमार्गे जाणेच सोयीचे. लेह–दिल्ली सुमारे ६२० आणि दिल्ली–पोर्ट ब्लेअर सुमारे २,४८० किलोमीटर असल्याने फेरा जेमतेम १६० किलोमीटरांचा पडतो, हे विशेष. वेळ खरा जातो तो दिल्लीतील प्रतीक्षेत.

आपण क्रम उलटा ठेवणार असाल, तर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरांहून उंच असून दुपारनंतर दरीत वारे जोर धरत असल्याने तेथील उड्डाणे मुख्यतः सकाळी होतात. म्हणून दिल्लीत एक मुक्काम करावा आणि लेहला पोहोचल्यावर विरळ हवेची सवय होईपर्यंत पूर्ण विश्रांती घ्यावी.