चर्चमधली चित्रं, बॅनर ही खरंच उपासना की नुसती सजावट?

दोन्ही होऊ शकतं, कोण कसं करतंय त्यावर आहे. वाद जुनाच हा, ७८७ मध्ये निकेयाच्या दुसऱ्या परिषदेत, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या सभेत, ठरलं की प्रतिमेला मान द्यायचा, आराधना मात्र फक्त देवाची. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत तर आयकॉन, म्हणजे येशू-संतांची पवित्र चित्रं, रंगवणं हीच प्रार्थना मानतात, लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, थरावर थर, घाई चालतच नाही आणि खाली सहीसुद्धा सहसा नसते, हे मला फार भारी वाटतं. तुमच्या मंडळीत करायचं तर लेंटसाठी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळासाठी, बॅनरला जांभळं कापड घ्या, म्हाताऱ्यांना टाके घालू दे, पोरांना रंगवू दे, वाकडंतिकडं झालं तरी तेच वेदीजवळ लावा, रेडिमेड छापून आणू नका राव.