25 वर्षं मुरलेली सिंगल माल्ट कशी प्यावी?

तुम्हाला ग्लेनफार्क्लास या सिंगल माल्टची (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची) 25 वर्षांची बाटली भेट मिळाली आहे आणि ती कशी प्यावी, 12 वर्षांच्या माल्टपेक्षा तिच्यात खरंच वेगळं काही असतं का, असं तुम्ही विचारलंय.

वेगळं असतं, आणि ते घोट गिळल्यावर कळतं. स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली ही डिस्टिलरी 1865 पासून ग्रँट कुटुंबाकडे आहे. त्यांचा भर शेरी या स्पॅनिश वाइनच्या ओक पिंपांवर. मातीच्या जमिनीच्या, बुटक्या दगडी गोदामांत पिंपं पडून असतात. स्कॉटलंडमध्ये दरवर्षी पिंपातली साधारण 2 टक्के दारू उडून जाते. म्हणजे 25 वर्षांत जवळजवळ 40 टक्के गेली! आपल्या गोव्यातल्या उष्म्यात हेच उडणं इतकं जोरात होतं की तिथे एवढी वर्षं माल्ट ठेवणं परवडायचंच नाही.

आता पिणं. बर्फ, सोडा नको. गारव्याने वास दबतो, आणि या वयाच्या माल्टमध्ये निम्मी मजा वासात आहे. मात्र आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान 33-34 असतं, तेव्हा ग्लासातून नुसता अल्कोहोलच नाकात जातो. म्हणून एसीच्या खोलीत बसा. तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, 30 मिली ओता आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. हुंगताना ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे नाक चुरचुरत नाही. आधी मनुका, सुकं अंजीर, मग अक्रोड, जुन्या लाकडी कपाटासारखा वास. छोटा घोट घेऊन जिभेवर फिरवा, गिळा आणि थांबा. चव किती वेळ रेंगाळते आणि कशी बदलत जाते, तिकडे लक्ष द्या. मग चमच्याने दोन-तीन थेंब साधं पाणी घालून पुन्हा हुंगा. चकण्याला मसाला शेंगदाणे अजिबात नकोत, तिखटापुढे ही चव टिकत नाही.

जुनी म्हणजे चांगलीच, असं मात्र मी मानत नाही. फार वर्षं पिंपात राहिली की लाकडाचा तुरटपणा वरचढ होतो. आयला या स्कॉटिश बेटावरच्या धुरकट माल्टचा धूरही वयाबरोबर मंदावतो; धूर आवडत असेल तर मी कमी वयाचीच घेईन.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली तर बूच खराब होतं. निम्म्याखाली आली की सहा-आठ महिन्यांत संपवा, जमल्यास ज्यांनी दिली त्यांच्याच सोबतीने.