क्लासिक ३५० बदलताय? नव्या गाडीआधी जुन्या आरसीचं बघा

तुमच्याकडे २०१३ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, ती एक्स्चेंजला देऊन नवी क्लासिक घ्यायची आहे, आणि नव्या इंजिनात ती जुनी मजा राहिली आहे का, असं तुम्ही विचारलंय. पण पोस्टच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की कर्ज केव्हाच फिटलंय, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचं नाव अजून आहे, आणि ट्रान्सफरचं सगळं शोरूमवाले बघणार आहेत. मला उत्तर लिहावंसं वाटलं ते या शेवटच्या वाक्यामुळे. मीही जुन्या यूसीई इंजिनाची क्लासिक देऊन नव्या जे-सीरिज इंजिनाची घेतली, आणि गाडीने नाही, या ट्रान्सफरने मला घाम फोडला.

इंजिनाचं आधी उरकतो. जुनं ३४६ सीसी, जुन्या पद्धतीचं पुशरॉडचं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेलं नवं ३४९ सीसी, वर कॅम आणि आत थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट. कागदावर टॉर्क २८ वरून २७ एनएमवर आलाय, चालवताना तो फरक कळत नाही. कळते ती थरथर गेलेली. जुनीवर ऐंशीला आरशात मागचा ट्रक नुसता हलता ठिपका दिसायचा, नवीवर त्याचा नंबर वाचता येतो. इंजिनाचा ठोका आहे, पण मऊ झालाय. ज्याला तो ठोका छातीत हवा असतो त्याने जुनीच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी डोळे झाकून नवी घ्यावी. किक मात्र नाही, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा. आणि जुनीचं लेगगार्ड, सायलेन्सर काढून ठेवायच्या भानगडीत पडू नका. फ्रेमच वेगळी आहे, बसत नाहीत. गाडीवरच राहू द्या, भाव थोडा बरा येतो.

आता मुद्द्याचं. एक्स्चेंजच्या टेबलावर माझ्यापुढे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, ठेवले गेले. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या, खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी. नाव का नाही, असं मी विचारलं. "गिऱ्हाईक ठरलं की आम्ही भरतो, सगळे असंच करतात," हे उत्तर. चेसिस प्रिंट घेतल्या, ओरिजिनल आरसी आणि दोन्ही चाव्या घेतल्या, नवी गाडी हार घालून दिली. नवीचं पासिंग अगदी वेळेत झालं. त्या कामात त्यांना कुठलीच अडचण आली नाही, हे मुद्दाम सांगतोय.

पुढे मोबाईलवर चलान आलं. फोटोत माझीच गाडी, मीच बसवून घेतलेलं मागचं कॅरियर, वर हेल्मेट नसलेला कुणी अनोळखी मुलगा. मग दुसरं आलं, तिसरं आलं. शोरूमला फोन केला की एकच उत्तर, "फाइल आरटीओत आहे." मी अर्ज क्रमांक मागितला. तो आज देतो, उद्या देतो, साहेब रजेवर आहेत. शेवटी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिलं तर मालक म्हणून माझंच नाव. चौकशी केली तर अर्ज भरलेलाच नव्हता! गाडी शोरूमने एका दलालाला दिली होती, दलालाने पुढे कुणाला तरी. ज्याच्याकडे गाडी होती तो चलान भरायला तयार नाही, आणि चलान बाकी म्हणून ट्रान्सफर अडलेलं. पैसे अखेर मीच भरले. पैशांचं दुःख नाही. त्या काळात त्या गाडीने कुणाला उडवलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने झोप जायची.

ही भीती उगाच नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी कितीही हात फिरलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यात व्यवहार असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. शोरूमचा माणूस हे सांगत नाही, कारण अडकणार तो नसतो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत व्हावं लागतं. तुम्ही गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा, आणि तो भरला की ती विकेपर्यंत डीलरच मालक मानला जातो. माझ्या वेळी ही सोय नव्हती. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडे अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र आहे का, आणि २९सी माझ्यासमोर भरणार का? "हो" म्हणाले तर पोचपावती हातात पडल्यावरच चावी द्या. चाचरले तर एक्स्चेंज बोनसवर पाणी सोडा आणि गाडी स्वतः विका, खरेदीदाराचं नाव घातलेल्या फॉर्मवरच सही करा. कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही, समोर ओळखीचा माणूस असला तरी. डिलिव्हरी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहिलेली पावती घ्या, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या, मीटरचा फोटो काढा.

मी वकील नाही, एजंटही नाही. आरटीओगणिक कागदांचे हट्ट वेगळे असतात, तेव्हा तुमच्या आरटीओत एकदा विचारून घ्या. आणि सगळी शोरूम अशी असतात असंही म्हणत नाही. माझ्या मित्राचं एक्स्चेंज दुसरीकडे सुरळीत झालं, नाव उतरल्याचा मेसेजही त्याला शोरूमनेच पाठवला.

विम्याचं एक राहिलं, कारण इथे बरेच जण पैसे सोडून देतात. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. क्लेम न घेता वर्षं गेली असतील तर तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात ती सूट मिळते. थर्ड पार्टीवर (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यावर) मिळत नाही, तो विमा नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. शोरूमच्या कोटेशनमध्ये हा बोनस बहुधा धरलेला नसतो, स्वतःहून सांगावं लागतं.

आणि हो, तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावली नसेल तर लावून घ्या, नाहीतर ट्रान्सफरच्या टेबलावर तेही निघेल.

पण सुरुवात बँकेपासून करा. एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ घेऊन आधी आरसीवरचं बँकेचं नाव उतरवा. ते असेपर्यंत शोरूमने कितीही आश्वासनं दिली तरी ट्रान्सफर पुढे सरकत नाही, आणि बँकेची शाखा बदललेली किंवा विलीन झालेली असेल तर एनओसीलाच चकरा होतात. नवीचं बुकिंग त्यानंतर करा. एनओसी मिळाली की इथे कळवा, फॉर्म भरताना कुठे अडलात तर सांगेन.